तिळाएवढ्या कोळ्याची तीन घरे

एका राज्यात लोक तोंडाला कापड बांधून हिंडत असत. बाजारात बांधून, शेतात बांधून, देवळातही बांधूनच. घास घेण्यापुरते कापड खाली करायचे आणि लगेच वर ओढायचे, असा दंडक होता. कारण त्या राज्यात एक हिरवी माशी होती. ती ज्याच्या ओठांवर बसे, त्याची वाणी जाई.

ही माशी आली कुठून, ते आधी सांगितले पाहिजे. राज्याच्या दक्षिणेला काळा डोंगर होता. त्या डोंगराच्या गुहेत कुंभकेश नावाचा मांत्रिक राहत असे. त्याला माणसांचे बोलणे सोसत नसे. त्याने तांब्याचा एक कुंभ घडवला आणि त्यात ही माशी ठेवली. माशीने एकाची वाणी घेतली की कुंभात एक रत्न पडे. पुढे मांत्रिक मेला आणि कुंभ गुहेत राहिला. राजा मणिभद्र शिकारीला गेला असता त्याला तो सापडला. झाकणावर अक्षरे कोरलेली होती. राजाने ती मोठ्याने वाचली, "मला उघडशील तर पुन्हा बोलणार नाहीस." आणि त्याने झाकण उघडले. रत्ने त्याला दिसली. माशी दिसली नाही. झाकणावरची अक्षरे हेच त्याचे शेवटचे बोलणे ठरले.

राजापाठोपाठ प्रधानाची वाणी गेली, मग पुरोहिताची, मग हळूहळू नगरातल्या माणसांची. माशी कापडाखाली शिरत नसे, पण माणूस तोंड बांधून राहणार तरी किती? कुणी पाणी प्यायला, कुणी शिंकला, कुणी लेकराचा मुका घेतला, की तेवढ्यात ती येई. तलवारीने ती तुटत नसे, धुराने मरत नसे. काम झाले की राजाने राजसभेत आणून ठेवलेल्या कुंभाच्या काठावर जाऊन बसे. कुंभ भरत चालला होता. राणी पद्मगंधा तोंडावर तिपदरी मलमल बांधून राज्य चालवत होती.

त्या नगरात तुंगा नावाची बाई पक्ष्यांचे पिंजरे करी. तिचा नवरा भैरू दवंडी देणारा. तोंड बांधून दवंडी देता येत नाही. चौकात उभा राहून "तोंडे झाका हो, तोंडे झाका" असे तो ओरडत होता, तेव्हाच माशी त्याच्या ओठांवर बसली. तेव्हापासून तो घरात बसून असे. आधी तो जेवताना दिवसभराचे सगळे सांगायचा: कुठल्या आळीत कोण भांडले, कुणाची म्हैस कुणाच्या दारात गेली, कुणी त्याला ताक दिले. आता तुंगा विचारी, "भाकर वाढू?" आणि तो मान हलवी. दोघांचे बोलणे एवढेच उरले होते.

ती एकदा राजसभेत जाऊन कुंभात डोकावून आली. भैरूची वाणी तिने ओळखली. नारिंगी रंगाचे, ओबडधोबड, मुठीएवढे रत्न होते ते. तिने हात पुढे केला तर बोटे रत्नातून आरपार गेली.

एके सकाळी राजवाड्यातल्या उंबरावर एक म्हातारा धनेश पक्षी येऊन बसला. मांत्रिकाच्या बागेतली फळे त्याने लहानपणी खाल्ली होती, म्हणून त्याला बोलता येई. पक्ष्याला ओठ नसतात, त्यामुळे माशीचे त्याच्यापुढे काही चालत नसे.

धनेश म्हणाला, "राणी, ऐक. मांत्रिकाला स्वतःच्या माशीची भीती होती. म्हणून त्याने तिचा वैरी पाळला होता. जाळे न विणता उडी घालून शिकार धरणारा कोळी. त्याची अंडी गुहेत आहेत."

राणीने विचारले, "कोळी आणला की माशी मरेल?"

"नाही. आत्ता तो तिळाएवढा असेल. सात वेळा कात टाकील तेव्हा माशीच्या तोलाचा होईल. त्याआधी समोर आणाल तर फुकट जाईल. त्याला वाढवावा लागेल, आणि वाढवायला तीन घरे लागतील. घर चुकले तर तो मरेल."

"कोणती तीन घरे?"

"ते मला ठाऊक नाही. मी पक्षी आहे. मला कोळी दिसला की मी खातो."

एवढे बोलून धनेश उंबरे खाऊ लागला.

कोळ्याची अंडी म्हणजे रेशमाची चिमुकली पिशवी. शिपायांच्या बोटांत ती चिरडेल. नगरात सर्वांत हलक्या हाताचे माणूस कोण, असे राणीने विचारले. पक्षीशाळेच्या राखणदाराने तुंगाचे नाव सांगितले. तुंगा तीन दिवस चालून काळ्या डोंगरावर गेली. गुहेच्या छताला, एका फटीत, पांढरी पिशवी होती. तिने ती कामटीच्या टोकाने उकलली. आतली बहुतेक पिल्ले वाळून गेली होती. एक मात्र हलले. तुंगाने श्वास रोखला. पिल्लाने अंग वळवले आणि मान वर करावी तसे पुढचे अंग उचलून तिच्या तोंडाकडे पाहिले. डोळे आठ होते, पण पुढचे दोन मोठे, काळे आणि लखलखीत. किडामुंगी माणसाकडे असे पाहत नाही. तुंगा नकळत म्हणाली, "ये बाबा तिळू." आणि तेच त्याचे नाव पडले.

वेळूच्या पेरात कापूस घालून तिने त्याला नगरात आणले. येईपर्यंत राजशिल्पी विश्वंभराने घर तयार ठेवले होते. सात मजली सोन्याचा महाल, पुरुषभर उंच. गवाक्षांना नाजूक जाळी, घुमटाला मोती, मजल्यामजल्यावर पायऱ्या.

राणी म्हणाली, "राज्याची वाणी ज्याच्यावर अवलंबून आहे, त्याला याहून कमी घर शोभणार नाही."

तुंगाच्या मनात आले, हे फार मोठे आहे. पण राजसभेत तोंड उघडायची तिला सवय नव्हती, आणि शिल्पी समोरच उभा होता. तिने तिळूला महालात सोडले. त्याच्या खाण्यासाठी पिकलेल्या केळ्यावरची चिलटे आत सोडली. चिलटे उडून घुमटात गेली. तिळू तळमजल्यावर राहिला. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशी तिळू दिसेचना.

मग राजसभेत शोध सुरू झाला. कुणी पाय उचलायचा नाही, कुणी बसायचे नाही, असा हुकूम झाला. सरदार, वैद्य, शिल्पी आणि खुद्द राणी, सगळे हातापायांवर रांगत फरशी पाहू लागले. मुका राजाही रांगत होता. एक सरदार "सापडला!" म्हणून ओरडला, तो खरोखरीचा तीळ निघाला. शेवटी तुंगाला पिल्लू दिसले. गवाक्षाच्या जाळीतून ते अर्धे बाहेर आले होते. पोट आत गेलेले, पाय आखडलेले. सोन्याचा पत्रा पहाटेपासून गार पडलेला होता आणि त्यावर ते तसेच चिकटून बसले होते.

तुंगाने त्याला तळहातावर घेतले आणि पहिल्यांदा राणीसमोर बोलली. "राणीसाहेब, हा महाल त्याला रान आहे. भूक लागली की अन्न हाताशी हवे. समोरच्या भिंतीवरचे चिलट त्याला दिसले पाहिजे, आणि दोन उड्यांत गाठता आले पाहिजे. मला अत्तराची रिकामी कुपी द्या. अंगठ्याएवढी."

विश्वंभराचा चेहरा लाल झाला. "राज्याच्या तारणहाराला कुपीत कोंडणार?"

"वाढेल तसे घर वाढवू. आत्ता तो तीळ आहे."

राणीने शिल्प्याकडे पाहिले, महालाकडे पाहिले आणि दासीला कुपी आणायला पाठवले. तुंगाने ती राखेने घासली, उन्हात वाळवली, अत्तराचा वास पुरता गेल्याची खात्री केली. आत एक काडी उभी केली. तोंडाला मलमलीचा तुकडा बांधला. कुपीत दोन चिलटे सोडली. तिळू अंग दबकवून बसला, मागच्या पायांनी जोर घेतला आणि झेपावला. चिलट धरले. तुंगा तिथेच फरशीवर बसून हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

हे पहिले घर.

कुपीत तिळूने दोन वेळा कात टाकली आणि तो ज्वारीच्या दाण्याएवढा झाला. राजवैद्य रोज येत. त्यांना वाटे, कोवळा जीव आहे, त्याला गारवा हवा. ते मलमलीवर पाणी शिंपडत. कोळी निसटू नये म्हणून त्यांनी आणखी दोन पदर बांधले आणि ते पदरही भिजवले. हळूहळू कुपीच्या भिंतींना घाम धरला. काडीवर पांढरी बुरशी आली. तिळू खाईना. तो दिवसभर वर, कापडाला टेकून बसे.

तुंगाने त्याच्याजवळ बसून पूर्ण एक दिवस काढला. तो पाण्याकडे जात नव्हता. खाली ठेवलेल्या चिलटाकडेही जात नव्हता. कापडाचा जो कोपरा थोडा कोरडा होता, त्याच्याशी तो तोंड लावून होता. तुंगाच्या लक्षात आले, की हा वाऱ्यासाठी तिथे बसतो.

तिने वैद्यांना सांगितले, "वैद्यराज, त्याचा जीव गुदमरतो आहे."

वैद्य म्हणाले, "बाई, तुम्ही पिंजरे करता. औषधपाणी आमच्याकडे राहू द्या."

"पिंजरे करते म्हणूनच सांगते. ज्या पिंजऱ्यात वारा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघत नाही, त्यातला पक्षी महिनाभरात पंख टाकतो."

वैद्यांनी राणीकडे दाद मागितली. राणीने कुपी उजेडात धरली, बुरशी पाहिली आणि म्हणाली, "वैद्यराज, उद्यापासून पाणी तुंगा देईल."

तुंगाने दुसरे घर केले. वेळूच्या कामट्यांची चौकट, वीतभर उंच. भिंती अभ्रकाच्या, म्हणजे आरपार दिसावे. एका बाजूला खालच्या अंगाला आणि समोरच्या बाजूला वरच्या अंगाला तिने सुईने छिद्रे पाडली, इतकी बारीक की तिळूचे डोकेही जाऊ नये. वारा खालून शिरे आणि वरून निघे. आत सुकी फांदी, एक वाकडे पान, बसायला सावलीचा कोपरा. घर खिडकीजवळ ठेवले, पण उन्हाची तिरीप येईल तिथे नाही. सकाळी भिंतीवर पाण्याचा एक थेंब. बाकी सगळे कोरडे.

तिळू तो थेंब तोंडाशी धरून प्यायला. दुपारपर्यंत त्याने चिलट मारले.

या दिवसांत मुका राजा रोज येऊन बसू लागला. आधी तो दारात उभा राही. मग चौरंगावर बसू लागला. नंतर थेट जमिनीवर, तुंगाच्या शेजारी. त्याची नजर तिळूवर असे आणि तिळूचीही त्याच्यावर. राजाने बोट हलवले की तिळू बोटाकडे वळे. एका सकाळी राजाने स्वतः केळ्याची साल वाटीत धरून आणली. तिच्यावर चिलटे घोंगावत होती. तुंगा म्हणाली, "महाराज, ठेवा इथे." राजाने वाटी ठेवली. तिला वाटले, त्याला काही सांगायचे आहे. पण त्याला सांगता येत नव्हते, आणि तिला विचारायला धीर झाला नाही.

दुसऱ्या घरात तिळूची तिसरी, चौथी, पाचवी कात झाली. तो तुरीच्या दाण्याएवढा झाला, अंगावर करडी लव आली. तुंगाने घर पुरेसे चांगले केले होते. तिच्या हातून एकच चूक झाली होती. घराचे दार तिने पेटीला असते तसे वर केले होते.

तिळू आपली रेशमाची झोळी नेहमी वरच्या टोकाला विणी. म्हणजे झाकणालाच. तुंगा अन्न द्यायला झाकण उचली, की झोळी फाटे. तो पुन्हा विणी. ती पुन्हा फाटे. दर वेळी त्याचे रेशीम पातळ होत गेले. तुंगाला आपली चूक कळायला फार दिवस लागले, आणि ती कळली तीही घरच्या अंगणात. बाभळीवर सुगरण पक्ष्यांची घरटी लोंबत होती. एक नर आपल्या घरट्याचे खालचे नळकांडे विणत होता.

तुंगा वर पाहून म्हणाली, "तू दार खाली का करतोस रे?"

तोही धनेशासारखा बोलणारा होता. चोचीतले गवत न सोडता म्हणाला, "पिल्ले वर झोपतात. झोपलेल्याच्या डोक्यावर दार कोण करील?"

तुंगाला तिळूचे झाकण आठवले. ती तिथेच बसून कामट्या तासू लागली. भैरू घरातून बाहेर आला, तिच्या शेजारी बसला आणि न सांगता अभ्रकाचे पत्रे सोलून देऊ लागला. त्या दोघांनी मिळून तिसरे घर केले. रुंदीपेक्षा उंची दुप्पट. वरचा भाग पूर्ण बंद, शांत, अंधारा, तिथे झोळीसाठी उलटे टांगलेले वाळके फूल. वारा जायला दोन्ही अंगांना छिद्रे. आणि दार अगदी तळाशी, एका बाजूला, करंगळी जाईल एवढे.

पण ते घेऊन ती राजवाड्यात पोचली तेव्हा तिळूने दुसऱ्या घराच्या झाकणाला झोळी विणून ती आतून बंद केली होती. सहावी कात टाकायला तो आत गेला होता. आता त्याला हलवता येणार नव्हते.

एक दिवस गेला. दोन गेले. तिसराही गेला. झोळीत हालचाल नाही. त्याच आठवड्यात नगरात तीन बाळे जन्मली आणि तिन्ही रडली नाहीत. सुइणींनी पाय धरून पाठीवर थापट्या मारल्या. बाळे तोंडे उघडत, लाल होत, पण आवाज येत नव्हता. माशी आता पाळण्यापर्यंत पोचली होती. ही बातमी आली आणि राणी धावतच वाड्यातल्या तिळूच्या खोलीत आली, जिथे तुंगा आणि राजा बसून होते. मागे दोन शिपाई.

राणी म्हणाली, "तीन दिवस तो हललेला नाही. मेला असेल. झाकण उघड."

"नाही, राणीसाहेब."

"मेला असेल तर मला आजच कळले पाहिजे. दुसरा उपाय शोधला पाहिजे. उघड."

"जिवंत असेल तर उघडल्यावर मरेल. अंगावरची जुनी कात अर्धी सुटलेली असेल. नवी अजून ओली असेल. झोळी फाटली तर तो खाली पडेल आणि पाय तुटतील."

राणीने स्वतः झाकणाकडे हात नेला. तुंगाने आपला हात झाकणावर ठेवला. राणीचा हात तिच्या हातावर पडला. त्या राज्यात राणीच्या हाताला अडवणाऱ्याचा हात तोडत असत. हे दोघींनाही ठाऊक होते.

"हात काढ."

"काढणार नाही."

राणीला राग अनावर झाला. तिपदरी मलमलीतून आवाज पुरेसा मोठा निघेना. तिने ती खसकन खाली ओढली आणि शिपायांकडे वळून ओरडली, "या बाईला..."

हिरवी माशी तिच्या ओठांवर बसली आणि उडाली.

राणीचे तोंड हलत राहिले. शिपाई वाट पाहत उभे होते. या बाईला काय? धरा? सोडा? मारा? पुढचा शब्द कुणालाच ऐकू आला नव्हता. राजसभेकडून कुंभात काहीतरी पडल्याचा बारीक आवाज आला. शिपायांनी राणीकडे पाहिले. राणीने तुंगाच्या हाताकडे पाहिले. तो झाकणावरच होता.  मग राणी तिथेच, राजाच्या शेजारी, जमिनीवर बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायचेही तिला सुचत नव्हते. राजाने तिचा हात हातात घेतला.

तुंगाने झाकणावरचा हात काढला नाही. आता तिला हुकूम करणारे कुणी नव्हते आणि मना करणारेही कुणी नव्हते. तिला वाटले, मी चुकत असेन तर? तिळू खरोखरच मेला असेल तर? विचारायला कुणी उरले नव्हते. ती बसून राहिली.

चौथ्या दिवशी, सूर्य माथ्यावर आला असताना, झोळीला आतून एक टोक आले. मग दुसरे. दोन पाय बाहेर आले, मग काळे डोळे. तिळू बाहेर पडला. वाटाण्याएवढा, लवदार, पाठीवर तांबूस चट्टा. मागे झोळीत त्याची जुनी कात हुबेहूब दुसरा कोळी असावा तशी पडून होती. राणीने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

तुंगाने त्याला वाकड्या पानावर घेऊन तळाच्या दारातून तिसऱ्या घरात सोडले. तो फांदीवरून चढत थेट टोकाला गेला. सुक्या फुलात त्याने नवी झोळी विणली. खालून दार उघडे, खालून अन्न जाई, आणि झोळीला धक्काही लागत नसे. रेशीम दाट झाले. तिसऱ्या घरात त्याने सातवी कात टाकली. ती कधी टाकली ते तुंगाला कळलेसुद्धा नाही. एका सकाळी तळाशी कात पडलेली दिसली आणि वर तिळू बसलेला.

धनेश उंबरावरून म्हणाला, "आता ने. आणि माशीला बसू दे. उडत्या माशीला तो धरणार नाही."

"ती बसते फक्त ओठांवर आणि कुंभावर," तुंगा म्हणाली. "कुंभावरून ती क्षणात उडते."

"मग ओठांवर," धनेश म्हणाला.

दुपारी राजसभा भरली. बोलणारी माणसे थोडीच उरली होती. भैरू पुढे येऊन उभा राहिला. तुंगाने तिसरे घर कुंभाशेजारी ठेवले, तळाचे दार उघडले आणि खाली बसून हनुवटी दाराच्या समोर, हातभर अंतरावर आणली. तिळू दारात आला. माशी कुंभाच्या काठावर हातपाय चोळत होती.

तुंगाने तोंडावरचे कापड सोडले. बोलत्या ओठांवर माशी चटकन येई. म्हणून ती बोलू लागली. काय बोलावे ते तिने ठरवले नव्हते. ती भैरूकडे पाहून म्हणाली, "अहो, मागच्या आळीतल्या लोहाराच्या सुनेने बकरी घेतली. पांढरी आहे. दोन दिवस झाले, आपल्या अंगणातली पानं खाते. मी काही म्हटलं नाही. आणि वेशीवरच्या तेलिणीची थोरली माहेरी आलीय, तिला..."

माशी उडाली. तुंगाला ओठांवर गार टोचणी लागली आणि घशातून शब्द ओढला गेला. त्याच क्षणी तिळूने पाठीमागे रेशमाचा धागा चिकटवला, मागचे पाय ताणले आणि उडी घातली.

तुंगाने डोळे मिटले नाहीत. ओठांवर काहीतरी मऊ आदळले. तिळूने माशीची मान धरली होती. माशी फडफडली. हिरवा रंग पंखांवरून उतरू लागला. तुंगा हलली नाही. सगळी सभा हलली नाही. माशी राखाडी झाली, मग नुसते टरफल उरले. तिळूने ते टाकून दिले आणि तो तुंगाच्या हनुवटीवर बसून राहिला.

कुंभात आधी एक तडा गेल्याचा आवाज झाला. मग रत्ने एकामागून एक फुटू लागली आणि प्रत्येकातून आवाज बाहेर पडला. पहिल्यांदा सर्वांत जुनी फुटली. ते आवाज ज्यांचे होते ती माणसे शंभर वर्षांपूर्वीच गेली होती. ते आवाज सभेभर फिरले, कुणाला हाक मारावी ते त्यांना समजेना, आणि खिडक्यांतून बाहेर, शेतांवरून निघून गेले. मग नगरातून तीन बाळांचे रडणे ऐकू आले. ते इतके मोठे होते की राजवाड्यापर्यंत आले. मग प्रधान खोकला, पुरोहित मंत्र म्हणू लागला, आणि भैरू इतक्या जोराने "तुंगे!" म्हणाला की दारातले शिपाई दचकले. तुंगाने बोट वर केले. तिळू हनुवटीवर होता.

सगळ्यांनी राजाकडे पाहिले. वर्षभर न बोललेला राजा आता काय बोलणार, हे ऐकायला सभा शांत झाली. पुरोहिताने दोन्ही हात जोडले. राजा मणिभद्र सिंहासनावरून उतरला, तुंगाजवळ आला, वाकून तिळूकडे पाहिले आणि आवाज बसलेला असल्याने हळूच म्हणाला, "त्याला पाणी द्या."

राजवैद्य घागर घेऊन धावले. तुंगा म्हणाली, "एक थेंब, वैद्यराज." वैद्यांनी करंगळी बुडवली आणि एक थेंब तिच्या बोटावर ठेवला. तिळू तो प्यायला.

त्यानंतर राजाने भर सभेत सांगितले की झाकणावरची अक्षरे मी वाचली होती आणि तरी उघडले. कुणी त्याला ते विचारले नव्हते. रिकामा कुंभ वितळवून त्याच्या घंटा केल्या आणि गुरांच्या गळ्यात बांधल्या. राणी तुंगाला एकटी भेटली तेव्हा म्हणाली, "त्या दिवशी मी पुढे काय म्हणणार होते, ते मला कधी विचारू नकोस." तुंगा म्हणाली, "नाही विचारणार, राणीसाहेब." आणि तिने कधीच विचारले नाही. विश्वंभराचा सोन्याचा महाल पक्षीशाळेत ठेवला. त्यात चिमण्या राहू लागल्या, आणि चिमण्यांना तो फार आवडला.

तिळूला तुंगाने घरी आणले. तिसरे घर खिडकीत टांगले, दार उघडे ठेवले. तो सकाळी बाहेर पडे, भिंतीवर शिकार करी आणि दिवस कलायच्या आत परत जाऊन झोळीत बसे. कोळ्याचे आयुष्य थोडे असते. पुढच्या हिवाळ्यात त्याच्या उड्या आखूड झाल्या, मग तो चालतच जाऊ लागला. एके दुपारी तो उन्हाच्या कडेला पाय जवळ घेऊन बसला आणि तसाच राहिला. तुंगाने भैरूला हाक मारली. दोघे त्याच्याजवळ बसले. भैरू त्याला नगरातल्या गोष्टी सांगत होता, अगदी हळू आवाजात, ऊन सरून जाईपर्यंत.

त्या राज्यातल्या लोकांची गेलेली वाणी परत आली. ऐकणाऱ्यांची कधी न जावो, आणि ज्याला जसे घर हवे तसे त्याला मिळो.